सोडण्याचं कारण

फॉर्मवर एक रकाना असतो, दोन बोटं रुंद,
नोकरी सोडण्याचं कारण.
त्यात मी बावीस वर्षं एकच शब्द लिहीत आले,
वैयक्तिक.
भोसरीत, शेडच्या माडीवर.
खाली प्रेस पडायचा, वर बशीतला चहा हलायचा,
शब्द मात्र सुबक यायचा,
वळणदार, वेलांटीसकट.

कोंढाळकर सही करायला आला तेव्हा
खुर्चीत बसला नाही.
बसलो की उठवत नाही मॅडम, म्हणाला,
मणका सरकलाय, चौथा की पाचवा,
वायसीएमच्या डॉक्टरनं फोटोवर बोट ठेवून दाखवला.
मी म्हटलं, इथे करा, फुलीपाशी.
साहेबांनी बजावलं होतं,
आजाराबिजाराचं लिहू नका, उद्या अंगाशी येतं.
कुणाच्या अंगाशी, हे मी विचारलं नाही.

चार वर्षं, दहा महिने, अकरा दिवस.

पुढचा नियम मला तोंडपाठ.
पाच वर्षं भरायच्या आत फंड काढला
की आयकर उलटा चालायला लागतो,
एकेका मार्चपाशी थांबतो,
तेव्हा दिलेली सूट
उसन्या वाटीसारखी परत मागतो.
मालकानं भरलेले, ते आता पगार.
स्वतःचे भरले त्यावरचं व्याज, ते इतर उत्पन्न.
इतर! जसं काही
रात्रपाळीला दुसराच कुणी उभा होता.

आणि त्याच नियमाच्या पोटात एक ओळ आहे.
तब्येतीनं नोकरी सुटली,
किंवा मालकाचा धंदाच बसला,
किंवा असं काही, जे कामगाराच्या हातात नव्हतं,
तर कर नाही.

त्याच्या हातात नव्हतं.
पेन माझ्या हातात होतं.

सुलभा आली जुलैत.
गोळीबार मैदानाच्या ऑफिसात दोन हेलपाटे घालून,
पदराला घाम पुशीत, प्लास्टिकच्या पिशवीत कागद.
एक लाख छप्पन्न हजार व्हायचे होते,
पंधरा हजार सहाशे कमी कसे आले?
मी म्हटलं, कर कापला. रिटर्न भरा.
रिटर्न म्हणजे परत येणारे ना, तिनं विचारलं.
थोडे येतील, म्हटलं. कदाचित.
रिटर्न भरणारा किती घेईल?
सातशे.
ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली.
मग तिला तो रकाना दिसला.
वैयक्तिक म्हणजे?
मी सांगायच्या आत तीच म्हणाली,
हां, बरोबर आहे की. मणका त्यांचाच आहे.

टोमणा नव्हता तो. मी पुणेकर आहे,
टोमणा मला कळला असता.

दुरुस्तीचं पत्र मी त्याच दुपारी टाइप केलं.
प्रकृतीच्या कारणास्तव, असं.
साहेबांच्या टेबलावर ठेवलं, निळ्या फायलीत, वरच.
गणपती झाले. फाईल खाली गेली.
दिवाळीला बोनसच्या यादीखाली सापडली,
मी झटकून पुन्हा वर ठेवली.
एवढंच केलं.
रिटर्नची तारीख तोवर उलटून गेली होती.

मी निवृत्त झाले तेव्हा माझाही फॉर्म मीच भरला.
कारणाच्या रकान्यात वयोमान लिहिलं.
कर शून्य. अठ्ठावीस दिवसांत पैसे खात्यात,
पै न पै.
मुलगा म्हणाला, बघ, सिस्टीम चालते.

परवा नाशिक फाट्याला तो बसमध्ये चढला.
केस पिकलेत. हातात औषधांची पिशवी.
माझ्याशेजारची जागा रिकामी होती.
कंडक्टर म्हणाला, काका, बसून घ्या.
तो म्हणाला, उतरायचंच आहे आता.

दांडीला धरून उभा होता,
माझ्या डोक्यावरून बाहेर बघत.
ओळखलं असेल, नसेल.
मनपा यायला अजून अकरा स्टॉप होते.